फेस काहून मरतो

आमच्या घरात चूक माह्याकडून होत नाही, असं सगळे धरून चालतात. भाजी खारट झाली तं मीठ बदललं असंन, पोळी करपली तं गॅसचा बर्नर बिघडला असंन. मी तानाबाई, आन् पस्तीस वर्सांच्या संसारात "माहं चुकलं" हे मी कोणाले ऐकवलं नाही. सासू होती तवा तिले नाही, नवऱ्याले तं नाहीच नाही. म्हणून आता जे सांगून राह्यली ते सांगाले मले जड जाते. पण सांगते.

आमचे हे, सदाशिवराव, वणीकडं कोळशाच्या खाणीत वर्कशॉपचे फोरमन होते. रिटायर झाले तसं आम्ही दारव्ह्याले येऊन घर बांधलं, कारण वावर इकडंच. वावर दुसऱ्याले कसाले बटईनं देल्लं आन् हे घरी बसले. फोरमन माणूस घरी बसला की घरातल्यायचं काय होते, ते ज्याचं त्याले माहीत. पंख्यायले तेलपाणी झालं, दरवाज्यायचे कब्जे झाले, मंग यायनं माह्या डब्यायवर नंबर टाकले. एक नंबर तूरडाळ, दोन नंबर चणाडाळ. मी ते नंबर घासून काढले, तं दोन दिवस अबोला.

यायले मित्र एकच, रामलालभाऊ. त्याच वर्कशॉपमंदी फिटर होते, आन् त्यायचा तांडा दारव्ह्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. खाणीत दोघायची सुट्टी गुरुवारची असाची, म्हणून रिटायर झाल्यावर बी गुरुवारी संध्याकाळी रामलालभाऊची मोटरसायकल आमच्या फाटकाशी लागाची. दोघं मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसाचे. जास्त बोलाचे असं बी नाही. पण त्या दिवशी यायचं जेवण बरं जाये आन् झोप बी चांगली लागे.

खाणीत असताना एकदा स्टोअरमधली तांब्याची वायर गेली होती. तोंडानं कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यायनं रामलालभाऊकडं पाह्यलं, तांड्यावरचा माणूस म्हणून. तवा हे उठले आन् म्हणले, "याच्या आधी माही झडती घ्या." वायर मंग कुण्या ट्रकवाल्यापाशी सापडली. ती दोस्ती तवाची हाये. यायचा स्वभाव असा हेकट का नातेवाईक बी दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. रामलालभाऊ तेवढे टिकले. ते आले नसते तं हा माणूस बोलला असता कोणाशी? माह्याशी बोलून तं यायचं बीपी वाढते.

आता बियरचं. आमची पोट्टी प्रेरणा पुण्याले असते. मागच्या दसऱ्याले आम्ही तिच्याकडं गेलतो, तं जवायानं यायले एका हॉटेलात नेलं. तथी गिऱ्हाइकाच्या समोरच तांब्याच्या मोठमोठ्या टाक्यायमंदी बियर बनते म्हणे. हे पिण्यापेक्षा त्या टाक्या पाहाले दोन तास उभे राह्यले. वाल्व कुठं, पाइप कुठून येते, थंड कसं करतात. घरी आल्यावर मोबाइलवर तेच. मंग एक दिवस म्हणले, "काय वं, घरी जमन का हे?"

मी म्हटलं, "घरी दारू गाळणार तुम्ही?"

"दारू नाही वं, बियर. आपला गहू, रामलालची ज्वारी. मोड आणाचे, वाळवाचे, भरडाचे, शिजवाचे. तुले तं हे सगळं येते."

ते खरं होतं. मोड आणून वाळवणं माह्या हातचा मळ. कायद्यात हे बसते का, ते मले इचारू नका. मी दोनदा इचारलं आन् दोन्हीदा यायनं विषय बदलला. विकाचं नाही, कोणाले वाटाचं नाही, गुरुवारी दोघायनं एकेक गिलास घ्याचा, एवढंच ठरलं. मी बी म्हटलं, जाऊ दे, माह्या डब्यायच्या मागं लागण्यापेक्षा हे बरं.

जवायानं कुरियरनं यीस्टच्या पुड्या, कडू चवीच्या हिरव्या गोळ्या आन् तारेच्या बुचाच्या चोवीस जाड बाटल्या पाठवल्या. कामं वाटून झाली. गहू माह्या कोठीतला, आन् मोड आणणं माह्याकडं. शिजवणं, थंड करणं, टाकीत भरणं यायच्याकडं. ज्वारी आन् बाटल्या रामलालभाऊकडं. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येते, आन् त्यायच्या तांड्यावर बोअरचं पाणी भरपूर, म्हणून बाटल्या ते पोत्यात भरून घरी नेत आन् धुऊन आणत.

दिवाळी झाल्यावर पहिली खेप लागली. दहा दिवस टाकीत, दहा दिवस बाटलीत. गुरुवारी हे सकाळपासून आंघोळ करून तयार, जसं काही पाहुणे येणार होते. बाटली उघडली. फेस भसकन वर आला आन् बसता बसता बसला, मिनिटभरात गिलास उघडा. यायनं एक घोट घेतला आन् तोंड वाकडं केलं. रामलालभाऊनं अर्धा गिलास घेतला, मुरव्वतीखातर.

"तू पाह्य वं," हे मले म्हणले. माह्या नाकावर यायचा भरोसा हाये. सडका आंबा पेटीच्या तळाशी असला तरी मी सांगते. मी चमच्यानं चाखलं. म्हटलं, "जुन्या पापडाच्या डब्याचा वास येते. आन् जिभेवर काहीतरी बसते, चिकट."

हे चिडले नाही. उलट यायच्या डोळ्यात जी चमक आली ती रिटायर झाल्यापासून मी पाह्यली नव्हती. मशीन बिघडलं होतं, आन् यायले ते शोधाचं होतं. वही काढली, रेघा मारल्या. पाणी, भांडं, यीस्ट, उन्हाळा-हिवाळा, बाटल्या. म्हणले, "एका टायमाले एकच नट फिरवाचा. सगळे फिरवले तं कोणता ढिला होता ते कवाच समजत नाही."

दुसऱ्या खेपेले पाणी बदललं. नळाच्या पाण्यात पावडर असते, तिचा वास असंन म्हणून रामलालभाऊनं तांड्यावरून दोन कॅन बोअरचं पाणी आणलं. वीस दिवस वाट पाह्यली. तोच वास, आन् फेस मेला तो मेलाच. तिसऱ्या खेपेले यायचा धीर सुटला, तं दोन नट संग फिरवले: टाकी नवी, स्टीलची, आन् यीस्ट बी नवं मागवलं. पुन्हा वीस दिवस. पुन्हा पापडाचा डबा.

वहीत पाह्यलं तं रकान्यायवर फुल्या पडत चालल्या होत्या, आन् गहू नावाचा रकानाच त्यात नव्हता. कारण गहू माह्या कोठीतला. माह्या हातच्या गव्हावर शंका घ्याचं यायच्या ध्यानात आलं नाही, आन् माह्या बी नाही.

राह्यल्या बाटल्या.

जानेवारीतला तो गुरुवार होता. थंडी चांगली होती, मी आतमंदी चहा ठेवत होते आन् खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. हे म्हणले, "रामलाल, बाटल्या धुते कोण?"

"घरी धुते लालीबाई," त्यायनं बायकोचं नाव घेतलं. "काहून?"

"कशानं धुते?"

"राखेनं धुते, मंग गरम पाणी. साफ धुते, सदाशिवराव."

यायले तीन खेपांचा राग होता. दोन-अडीच महिने घातले होते माणसानं. तरी बी जे तोंडातून निघालं ते निघाले नव्हतं पायजे. "कायचं साफ," हे म्हणले. "तुमच्या तांड्यावर बाटल्यायमंदी काय काय भरतात ते सगळ्या जगाले माहीत हाये. तो वास असा निघते का?"

मले वाटलं रामलालभाऊ उलट बोलतील, पण त्यायनं गिलास खाली ठेवला, "ठीक हाये" म्हणले, आन् मोटरसायकल चालू केली. मी चहा घेऊन बाहेर आले तं एक खुर्ची रिकामी. हे म्हणले, "येईन. जाईन कुठं."

पुढच्या गुरुवारी नाही आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी बी नाही. हे फाटकाकडं तोंड करून बसत, आन् मी पाह्यलं का खुर्ची फिरवत. फोन कराले सांगतलं तं म्हणे, "मी कायले करू? त्यानं कराव." जेवणात लक्ष नाही. रात्री दोनदा उठून टाकीपाशी जाऊन येत. मले लय वाईट वाटे, पण मी बी म्हटलं असं कसं बोलले तुम्ही, तं पुन्हा अबोला.

मंग तो दिवस आला. यायनं दुकानातून एक बियरची बाटली आणली, घरच्याशी ताडून पाहाले. अंगणात गिलासात ओतली. फेस दोन बोटं उभा राह्यला, हालला नाही. हे वही आणाले आत गेले. मी ओट्यावर बसून नव्या तूरडाळीले एरंडेल चोळत होते. वर्साची डाळ, तेल नाही लावलं तं कीड लागते. तेवढ्यात एक चिलट फेसावर येऊन बसलं. मी उठून बोटानं ते काढलं.

जिथं बोट लागलं तिथून फेस फाटला. डोळ्यासमोर. दहा आकडे मोजाच्या आत सगळा गिलास उघडा, अगदी घरच्या बियरसारखा.

मी बोटाकडं पाह्यलं. बोटाले तेल. मंग माह्या ध्यानात आलं का मागच्या उन्हाळ्यात वर्साचे गहू भरताना मी त्यायले बी हेच तेल चोळलं होतं, दरवर्सी चोळते तसं, माह्या आईनं शिकवलं तसं. तेच गहू मी भिजवत होते, त्यालेच मोड आणत होते. भिजल्यावर वरचं तेल जाते असं आपण मानतो, पण सगळं थोडीच जाते. उन्हात वाळून, शिजून, वीस दिवस टाकीत आन् बाटलीत बसून तेल शिळं झालं, आन् मी म्हणत होते पापडाच्या डब्याचा वास. वास माह्या हाताचाच होता.

हे वही घेऊन आले. गिलासाकडं पाह्यलं. "हे बी बसलं का? दुकानातलं बी?" म्हणले, आन् डोकं खाजवून वहीत काहीतरी लिहिलं. मी बोट पदराले पुसलं. काही बोलले नाही.

काहून नाही बोलले, ते बी सांगते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मले दिसाले लागलं का हे वहीत लिहितील, कारण: ताना. मंग प्रेरणाले फोन, मंग जवायाले, मंग दिवाळीले सगळ्या नणंदा हसतील का तानावहिनीनं बियरले एरंडेल पाजलं. पस्तीस वर्सांत नाही ते एका दिवसात. मी म्हटलं, बोलाची गरज काय? गहू बदलून टाकू. बियर चांगली झाली का दोघं आपोआप गोड होतील.

बाजारातून पाच किलो गहू आणले, बिनतेलाचे. यायले सांगतलं नाही. मोड आणून, वाळवून देल्ले. चौथी खेप लागली. या वेळी बाटल्या न्याले रामलालभाऊ नव्हते, तं यायनं स्वतः मोरीत बसून सोड्यानं धुतल्या, एकेक बाटली चार चारदा.

वीस दिवसांनी उघडली. फेस आला आन् राह्यला. यायनं घोट घेतला, दुसरा घेतला, आन् खुर्चीवर मागं टेकले. मी चमचाभर घेतली. वास नाही, चिकट नाही, उलीसं कडू, उलीसं गव्हाच्या लाह्यायसारखं. मले एवढं बरं वाटलं का काय सांगू बाप्पा.

तेवढ्यात यायनं वही उघडली आन् मोठ्या अक्षरात लिहिलं, "कारण: बाटल्या." खाली दोन रेघा मारल्या.

मी तथीच बसले. असं होईन हे माह्या डोक्यातच आलं नव्हतं. यायच्या हिशेबानं एकच नट फिरला होता, बाटल्यायचा. माहा नट मी चोरून फिरवला होता. माह्या हुशारीनं रामलालभाऊवर शिक्का बसला.

आता बियर चांगली झाली तसे हे मोठ्या मनाचे झाले. स्वतःहून फोन केला. "रामलाल, मिळालं बरं कारण. ये तू. मनात काही ठेवू नको, चूक कोणाची बी होते." मी सयपाकघरात उभी राहून हे ऐकत होते. सांगाले दोन दिवस होते मले. सकाळी मी म्हणे, दुपारी सांगीन. दुपारी म्हणे, जेवल्यावर. नाही सांगतलं.

गुरुवारी मोटरसायकल आली. मागं लालीबाई बी होत्या. पिशवीभर हरभऱ्याचे घाटे आणले होते त्यायनं. माह्यापाशी ओट्यावर बसल्या, आन् घाटे सोलाले लागल्या. अंगणात यायनं बाटली उघडली, गिलास रामलालभाऊच्या हातात देल्ला. ते प्याले. हळूहळू प्याले, सगळा.

"चांगली झाली," म्हणले.

"झाली ना? बाटल्या यावेळी मीच धुतल्या," हे म्हणले. हसून म्हणले, आता भांडण संपलं अशा तोऱ्यात.

रामलालभाऊनं गिलासाकडं पाह्यलं. "म्हणजे बाटल्याच होत्या तं. मले वाटलं नव्हतं. मी घरी इच्याशी भांडलो, सदाशिवराव. तीन हप्ते हे बाई माह्यासमोर राखेनं, मंग चिंचेनं, मंग उकळत्या पाण्यानं रिकाम्या शिश्या धुऊन दाखवून राह्यली, का पाहा, याहून साफ कसं धुवू. मी म्हटलं, तरी बी तूच चुकली असशीन."

मी लालीबाईकडं पाह्यलं. त्या घाटे सोलत होत्या, मान वर केली नाही. उजव्या हाताच्या दोन बोटायवर भाजल्याचे डाग होते, ताजे.

मले मंग राहवलं नाही. मी उठून अंगणात गेले आन् म्हटलं, "बाटल्या नव्हत्या. तेल होतं. गव्हाले मी एरंडेल लावलं होतं."

हे म्हणले, "काय बोलून राह्यली?"

"मागच्या उन्हाळ्यात लावलं. तिन्ही खेपा त्याच गव्हाच्या. चौथ्या खेपेचा गहू मी बाजारातून आणला, तुमाले न सांगता. महिना झाला मले समजून. माहं चुकलं."

यायचा विश्वास बसेना. फोरमन माणसाले पुरावा लागते. मी आतून वाटीत तेल आणलं, बोट बुडवलं आन् यायच्या गिलासातल्या फेसाले लावलं. फेस फाटला, सगळ्यायच्या समोर. हे पाहतच राह्यले. मंग एकदम हसाले लागले, मांडीवर थाप मारून. "एरंडेल. तीन महिने मी पाणी बदलतो, टाकी बदलतो, आन् कोठीत एरंडेल." वही ओढली, बाटल्या खोडलं, तेल लिहिलं. यायच्या लेखी काम संपलं.

मी लालीबाईपाशी गेले. म्हटलं, "ताई, तुमच्या हातावर मी बोल येऊ देल्ला आन् गप्प बसले. मले माफ करा." त्या मले म्हणल्या, "बसा." एवढंच म्हणल्या, पण घाट्यायचं ताट माह्याकडं सरकवलं.

रामलालभाऊ हसले नव्हते. यायचं हसणं संपेपर्यंत थांबले, मंग मले म्हणले, "वहिनी, तेलाचं समजलं. वर्साचे गहू म्हटल्यावर तेल लावाच लागते, आमच्या घरी बी लावतात. तुम्ही सांगतलं, विषय मिटला. पण सदाशिवराव त्या दिवशी जे बोलले, ते काही तेलानं बोलले नाही."

यायचा पेन थांबला. रामलालभाऊ उठले, लालीबाईनं पिशवी झटकून घडी केली, आन् दोघं निघाले. जाताना मले नमस्कार केला. यायले बी केला.

ते गेल्यावर हे मले म्हणले, "तू आधी सांगतलं असतं तं एवढं झालंच नसतं."

"मी उशिरा सांगतलं, पण चौघायसमोर सांगतलं," मी म्हटलं. "आता तुमचं बाकी हाये."

"मी रागात बोललो. बाटल्याच असतील असं वाटलं."

"बाटल्या असत्या तरी? बाटल्याच घाण निघाल्या असत्या, तं ते बोलणं बरोबर होतं का?"

हे गिलास उचलून मोरीकडं गेले. मी बी वाढवलं नाही. यायच्या जागी मी असते तं मी बी तेच केलं असतं. आपण एक माणूस तीस वर्सं आपला म्हणतो, त्याच्यासाठी झडती द्याले उभे राहतो, आन् एक दिवस आपल्याच तोंडून तेच निघते जे त्या दिवशी बाकीच्यायच्या डोळ्यात होतं. हे समजाले माणसाले वेळ लागते. यायले पाच दिवस लागले. पाच दिवस वही उघडली नाही, टाकी घासली नाही. मी जेवाले वाढे, हे जेवत, उठून जात.

सहाव्या दिवशी सकाळी यायनं इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणले, "येतं का वं संग?" मी चप्पल घातली. वाटेनं जाणाऱ्या जीपमंदी बसलो, तांड्याच्या फाट्यावर उतरलो आन् चालत गेलो. रामलालभाऊ घरासमोर चार माणसायसंग बाजेवर बसले होते. लालीबाई आतून आल्या, "आवो, बेसो" म्हणून खुर्च्या ठेवल्या. त्या माणसायनं उठाव का बसाव असं केलं, तं हे म्हणले, "बसा तुम्ही. तुमच्यासमोरच बोलाचं हाये."

हे बसले नाही. उभ्यानंच म्हणले, "रामलाल, मी तुह्या तांड्याबद्दल बोललो, ते खोटं बोललो. लालीबाईच्या धुण्याबद्दल बोललो, ते बी खोटं. बाटल्या खराब असत्या तरी ते बोलाले नव्हतं पायजे. माही चूक झाली." मी बी बसले नाही. यायच्या बाजूले उभी होते.

ती माणसं एकमेकायकडं पाहून राह्यली. रामलालभाऊ बाजेवरून उठले. मंग म्हणले, "आले, बोलले, बरं वाटलं मले. मनातलं सांगतो, मी तुमची वाट पाहून राह्यलो होतो. पण आता बाटल्या मी नाही धुणार. ही बी नाही धुणार."

"नोको. मी धुतो."

"इथं धुवा. आमच्या बोअरवर."

मले वाटलं मस्करी हाये. रामलालभाऊच्या तोंडाकडं पाह्यलं, तं मस्करी नव्हती. यायनं बी पाह्यलं. "गुरुवारी बाटल्या घेऊन येतो," म्हणले.

गुरुवारी गेलो. बोअरचा नळ तांड्याच्या मधोमध हाये, येणारं-जाणारं सगळं तिथूनच जाते. यायनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आन् दगडावर बसले. पोट्टेसोट्टे गोळा झाले, बाया घागरी घेऊन उभ्या राह्यल्या. कोणी तिथून हाललं नाही. हे एकेक बाटली घासून, विसळून रामलालभाऊकडं देत, आन् रामलालभाऊ नाकाशी धरून वास घेत. पाच बाटल्या झाल्या, सहा झाल्या. सातवी त्यायनं परत देल्ली. यायनं ती पुन्हा धुतली. अकरावी बी परत आली.

यायची कंबर दुखत होती, ते मले बसल्या जागेवरून दिसत होतं. अजून तेरा बाटल्या होत्या. मी पदर खोचला आन् उठाले लागले, तं लालीबाईनं माहा हात धरला, भाजल्याचे डाग असलेल्या त्याच बोटायनं, आन् मले खाली बसवलं.

"बसा, ताई," त्या म्हणल्या. "त्यायले धुवू द्या."